न फडफडणारं खोकं

१

चष्मेवाल्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर संसार चालवला. अर्ध्या गावाला त्याने ‘खालची ओळ वाचा, अंदाजाने नको’ असं दरडावून चष्मे लावले आणि उरलेल्या अर्ध्याला गरज नसताना विकले. शेवटी दुकान विकून तो घरी बसला. आता बघायला एकच माणूस उरलं, त्याची बायको, आणि तिच्याकडे तो कधी बघायचा नाही.

भांडण वगैरे काही नव्हतं. लग्न इतकं जुनं झालं की बायकोकडे बघावं लागत नाही. ती असते. कपाट असतं, खिडकी असते, तशी ती असते. ती खोलीत कुठे आहे हे त्याला डोळ्याच्या कडेनं कळायचं आणि तेवढ्यावर त्याचं भागायचं.

बायकोला सगळे स्वेटरबाई म्हणत. मागच्या खोलीत तिचं विणायचं यंत्र होतं, लांबलचक, टेबलभर. त्यावरची घोडी इकडून तिकडे सरकवली की ‘सर्र-खट’ असा आवाज व्हायचा आणि स्वेटरची एक ओळ पुरी व्हायची. शेजारच्या टेबलावर तिचा कॉम्प्युटर. आजचा नव्हे, जुना घरगुती. दिसायला टाइपरायटरसारखा, सगळा मेंदू बटणांखाली कोंबलेला. पडदा म्हणून त्याला एक पोट सुटलेला टीव्ही जोडलेला होता. त्या पडद्यावर चौकटी आखून स्वेटरबाई नक्षी काढायची. एक चौकट म्हणजे एक टाका. मुलीने मोठ्या प्रेमाने नवा लॅपटॉप पाठवला होता. स्वेटरबाईने त्याची तारीफ केली आणि त्यावर लोकरीचे गुंडे ठेवले.

अडचण टीव्हीची होती. त्याचं चित्र फडफडायचं. आखलेल्या बारीक रेघा एका जागी ठरतच नसत. तासभर बसलं की स्वेटरबाईचं अर्धं डोकं ठणकायला लागे, मग उलटी, मग ओल्या फडक्याखाली अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. हिवाळ्यापासून ते फारच वाढलं.

एके सकाळी ती म्हणाली, “अहो, मला न फडफडणारं काहीतरी आणून द्या.”

“नाहीतर स्वेटर सोडून दे,” तो पेपराआडून म्हणाला. “दगदग कशाला आता?”

“तुम्ही दुकान सोडल्यापासून काय दिवे लावताय ते रोज बघतेय मी.”

यावर त्याने पेपर खाली घेतला. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. हल्ली ती असं फार बघायची. म्हातारपणी हे काय नवीन, म्हणून चष्मेवाला जरा लाजला आणि पडद्याचं नवं खोकं शोधायला बाहेर पडला.

२

जुने पडदे विकणाऱ्या माणसाला खोकेवाला म्हणत. त्याचं दुकान तळघरात होतं. तिथे जमिनीपासून छतापर्यंत पडदेच पडदे, आणि मध्ये गुहेतल्या अस्वलासारखा तो दाढीवाला. प्रत्येक गिऱ्हाईकाला तो काका किंवा काकू करायचा. गिऱ्हाईक त्याच्याहून लहान असलं तरी.

“काकूंनी चंद्र मागितला असता तर बरं झालं असतं, काका,” तो म्हणाला. “न फडफडणारं खोकं म्हणजे न बोलणारी बायको. दुकानात मिळतं, घरी नेलं की बिघडतं.”

“तू लग्न कर, मग उपमा दे.”

चष्मेवाल्याने स्वेटरबाईचा कॉम्प्युटर पिशवीत घालून बरोबर नेला होता. एकेका पडद्याला तो जोडायचा आणि तपासायचा. तपासायच्या तऱ्हा खोकेवाल्याने शिकवल्या. पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवायची. उजेड फडफडता असला तर एका पेन्सिलीच्या सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसतात. स्थिर असला तर नुसता धुरकट पंखा. दुसरी तऱ्हा फोनची. कॅमेरा लावून बघायचं. फडफडत्या पडद्यावरून एक काळा पट्टा सरपटत जाताना दिसतो. तिसरी तऱ्हा मात्र चष्मेवाल्याची स्वतःची होती. तो पडद्याकडे जवळजवळ पाठ करायचा आणि डोळ्याच्या कडेनं बघायचा.

“हे काय, रुसलात का?”

“अरे, डोळ्याचा मध्य असतो ना, तो आळशी असतो. अक्षरं वाचतो, तोंडं ओळखतो, पण फडफड त्याला दिसत नाही. कडेला अक्षर कळत नाही, रंग धड कळत नाही, पण काही हललं तर पहिली बातमी तिथून येते.”

पहिला पडदा नवा होता, पातळ, चपटा. त्यावर तर रेघांनी नाचच सुरू केला. “तुमचं हे जुनं यंत्र चित्र एका दमात काढत नाही,” खोकेवाल्याने सांगितलं. “आधी एक सोडून एक ओळ, मग राहिलेल्या. नव्या पडद्याला वाटतं दोन चित्रं आली. गांगरतो बिचारा.” दुसरा जाडजूड, महागडा, कुठल्याशा स्टुडिओतला. त्याच्यावर फोनमध्ये काळा पट्टा सरपटला, सावकाश, वरून खाली.

तिसरा पडदा कोपऱ्यात चादरीखाली होता. हिरवा, एकरंगी. पेन्सिलीचा नुसता पंखा झाला. फोनमध्ये पट्ट्याचं नावही नाही. चष्मेवाल्याने पाठ फिरवून कडेनं बघितलं, आणि अगदी शांत. भिंतीसारखा शांत.

“याच्या काचेला आतून लेप आहे,” खोकेवाला म्हणाला. “तो उजेड लगेच सोडत नाही, धरून ठेवतो. पुसलेलं अक्षरसुद्धा घटकाभर रेंगाळतं. पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं जातच नाही, म्हणून मध्ये अंधार पडत नाही.”

“मध्ये अंधार?”

“प्रत्येक खोक्यात असतो, काका. चित्र लागतं, विझतं, लागतं, विझतं. आपल्याला वाटतं लागलेलंच आहे. अर्धा वेळ आपण अंधाराकडेच बघत असतो.”

“मग यातला अंधार जातो कुठे?” चष्मेवाल्याने चेष्टेने विचारलं.

“तो गिऱ्हाईकाने घरी न्यायचा,” खोकेवाला म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

३

स्वेटरबाईला पडदा आवडला. रंग दिसत नाहीत याचं तिला काहीच वाटलं नाही. “रंग माझ्या डोक्यात आहेत. आता डोक्यात जागाही झालीय,” ती म्हणाली. सकाळी बसली ती जेवायलाच उठली. डोकं ठणकलं नाही, फडकं भिजवावं लागलं नाही. टीव्हीचा एक बारीक सूर असायचा, डासासारखा, वर्षानुवर्षं घरात मुरलेला. तोही गेला आणि मागची खोली एकदम मोठी वाटायला लागली.

चष्मेवाला खुशीत होता. तो खिडकीपाशी आरामखुर्चीत पेपर घेऊन बसायचा. डावीकडे, डोळ्याच्या कडेला, पडद्यासमोर बायको. समोर पेपर. सगळं जागच्या जागी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेपर वाचता वाचता त्याला डावीकडे काहीतरी फडफडल्यासारखं वाटलं.

त्याने मान वळवली. हिरवा पडदा शांत होता. स्वेटरबाई चौकटी मोजत होती. तो परत पेपराकडे वळला. परत फडफड.

चष्मेवाला काही भित्रा नव्हता आणि धंद्याने शहाणा झालेला होता. त्याने आधी ट्यूबलाइटकडे पाहिलं. ती बंद होती, लख्ख दिवस होता. खिडकीचे पडदे बांधलेले होते. मग त्याने स्वतःचेच डोळे धरले. या वयात डोळ्याच्या आतला पडदा सुटायला लागला की कडेला असंच काहीतरी चमकतं, हे त्याने शेकडो गिऱ्हाइकांना घाबरवून सांगितलं होतं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरने थेंब घातले, दिवा मारला, आत डोकावून खूप वेळ बघितलं.

“डोळे तुमच्याहून तरुण आहेत,” डॉक्टर म्हणाला. “कुठे फडफडतं म्हणालात?”

“डावीकडे. बायको बसते तिथे.”

“मग उजवीकडे बसा,” डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

४

तो उजवीकडे बसला. फडफड उजव्या कडेला आली.

मग त्याने हिशेबाने बघायला सुरुवात केली. स्वेटरबाई विणायच्या यंत्रावर गेली की फडफड यंत्रावर जायची. ती स्वयंपाकघरात गेली, की तो दारातून मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहायचा आणि फडफड ओट्याशी असायची. ती बाहेर भाजी आणायला गेली, की घर असं स्थिर व्हायचं की त्याला बसल्या जागी झोप यायची. सरळ बघितलं तर काहीच नाही. हीच बायको, हेच पांढरे केस, कानावर खोचलेली तीच पेन्सिल. नजर जरा बाजूला गेली, की ती लागायची, विझायची, लागायची, विझायची.

‘पडद्याच्या उजेडाची छाप असेल,’ त्याने स्वतःला समजावलं. ‘ती दिवसभर त्या हिरव्यासमोर बसते, मी तिच्याकडे बघतो, म्हणजे माझ्या डोळ्यात...’ इथे वाक्य अडकायचं. गिऱ्हाइकाला त्याने हे वाक्य ठोकून पुरं करून दिलं असतं. स्वतःला विकता येईना.

त्यातच आवाजाचं निघालं. घोडीचा ‘सर्र-खट’ त्याला झोपेतही ओळखू आला असता. आता कधी ‘सर्र’ अर्धाच यायचा आणि ‘खट’ यायचाच नाही. पण ओळ पडलेली असायची. तो जाऊन बघायचा, टाका न टाका बरोबर.

“काय शोधताय?” स्वेटरबाई विचारायची.

“काही नाही. चुकतेस का बघतोय.”

“चाळीस वर्षांत नाही सापडली चूक, आता सापडणार होय?”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. दोघांशी ती आळीपाळीने बोलायची.

“बाबा, आईचा आवाज तुटतोय,” ती म्हणाली. “तिला खिडकीत जाऊन बोलायला सांगा.”

“खिडकीतच आहे ती.”

“मग तुम्ही कुठे आहात?”

“तिच्या शेजारी.”

“तुमचा कसा नीट येतोय मग?” मुलगी म्हणाली. “फोन बदला तो. तुम्ही दोघं म्हणजे ना, घरात सगळं पुराणकाळातलं.”

५

चष्मेवाल्याने पेन्सिल काढली.

त्याला स्वतःचाच राग येत होता. धडधाकट माणसाने बायकोसमोर पेन्सिल नाचवायची म्हणजे काय? पण दुपारी ती चौकटी भरत असताना तो तिच्या समोर तिरका बसला, नजर भिंतीवरच्या खिळ्यावर रोखली आणि हात लांब करून पेन्सिल जोरात हलवली. भिंतीवर नुसता धुरकट पंखा. हात थोडा सरकवून त्याने पेन्सिल तिच्यासमोर आणली. खिळ्यावरची नजर हलवली नाही.

पंख्याच्या सुट्या सुट्या पेन्सिली झाल्या.

“काय हो, बँडमास्तर झालात का?”

“हात आखडलाय. मोकळा करतोय.”

“मग कपडे वाळत घाला. तोही मोकळा होईल आणि मीही.”

तो मुकाट्याने कपडे वाळत घालायला गेला. गच्चीवर वारा होता, सगळं फडफडत होतं, आणि त्याला तिथे फार बरं वाटलं. चिमटे लावून झाल्यावरही तो बराच वेळ ओल्या चादरींमध्ये उभा राहिला.

६

फोनची तऱ्हा त्याला मुद्दाम करायचीच नव्हती. ती आपोआप झाली. खोकेवाल्याने निरोप पाठवला होता, ‘काका, पडदा कसा चालतोय, जरा व्हिडिओ पाठवा, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचाय.’ नाही कसं म्हणणार? चष्मेवाल्याने दारात उभं राहून व्हिडिओ काढला. पडदा, त्यावरची नक्षी, पडद्यापुढे लोकरीचा धागा बोटांत धरून बसलेली पाठमोरी बायको.

पाठवायच्या आधी त्याने तो बघितला. पडद्यावर पट्टा नव्हता. भिंतीवर नव्हता, टेबलावर नव्हता, लोकरीच्या गुंड्यांवर नव्हता. पट्टा स्वेटरबाईवर होता. वरून खाली, सावकाश, केसांवरून मानेवर, मानेवरून पाठीवर. तो जिथे असेल तिथे ती नव्हती आणि तिच्या मागचा हिरवा पडदा दिसत होता.

तो पायरीवर जाऊन बसला. व्हिडिओ थांबवून, बोटाने पुढे ढकलत ढकलत त्याने एकेक चित्र पाहिलं. एकात ती होती. पुढच्यात अर्धी. त्याच्या पुढच्यात खुर्ची रिकामी. रिकाम्या खुर्चीपुढे लोकरीचा धागा गुंड्यापासून वर आलेला होता, ताठ, ती बोटांत धरते तेवढ्या उंचीवर, आणि तिथेच संपलेला.

हे त्याने एका परीने सहन केलं. त्रास दिला तो गादीने. खुर्चीवर एक फुगीर गादी होती. स्वेटरबाई उठली की ती गादी लगेच वर यायची, नवी होती. चित्रात खुर्ची रिकामी होती आणि गादी दबलेली होती. नीट निरखलं तर बायको असलेल्या चित्रातल्यापेक्षा जरा जास्तच दबलेली.

त्याने व्हिडिओ पुसला. खोकेवाल्याला ‘पडदा उत्तम’ असं कळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक व्हिडिओ काढला, कुणाला पाठवण्यासाठी नव्हे. त्यात रिकाम्या खुर्च्या आदल्या दिवशीपेक्षा जास्त होत्या.

आता त्याला डोळ्यांची, डॉक्टरची, छापेची कसलीच सबब सुचेना. बायको थोडी थोडी कमी होत चालली होती, आणि इतकी वर्षं तिच्याकडे न बघितल्याचे सगळे दिवस एकदम त्याच्या अंगावर आले.

७

स्वेटरबाई नक्षी द्यायला बाहेर गेली तेव्हा त्याने हिरवा पडदा काढला आणि माळ्यावरून पोट सुटलेला टीव्ही उतरवून परत जोडला. डासासारखा सूर पुन्हा घरात शिरला.

ती आली. टीव्हीकडे तिने पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. चप्पल काढून सरळ जाऊन बसली आणि चौकटी भरायला लागली.

चष्मेवाला आरामखुर्चीत बसला. पेपर उघडून त्याने कडेनं बघितलं. टीव्ही थरथरत होता, रेघा नाचत होत्या, आणि त्यापुढे बायको दगडासारखी स्थिर होती. त्याने इतका मोठा सुस्कारा टाकला की पेपर हलला.

तासाभराने ती उठली, न्हाणीत जाऊन ओकली, आणि फडकं भिजवून भिंतीला टेकून बसली. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले.

“तो हिरवा चांगला नाही,” तो म्हणाला. “काय ते विचारू नकोस. पण तू त्याच्यासमोर बसू नयेस.”

“मी फडफडते ना?” ती फडक्याखालून म्हणाली.

तो लादीवरची लोकर बोटाने गोळा करायला लागला.

“अहो, पेन्सिली काय नाचवता, कडेनं काय बघता, मला कळत नाही का? मीही तेच करत होते. फक्त पेन्सिल नव्हती.”

“कुणाकडे?”

“घरात दुसरं आहे कोण? हा टीव्ही लावला की तुम्ही फडफडता. हिवाळ्यापासून. आधी वाटलं डोकं दुखायच्या आधीचं काहीतरी असेल. मग बघितलं, नुसते तुम्हीच. सरळ बघितलं की नीट दिसायचात. म्हणून मी टक लावून बसायचे.”

“मला वाटलं...”

“काय वाटलं ते कळलं मला. लाजला होतात.” ती जरा हसली आणि कपाळ धरून थांबली. “दिवसेंदिवस वाढत होतं. मग म्हटलं, टीव्हीच नको.”

“अगं, सांगायचंस की!”

“तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतंत आणि चष्मा बदलून दिला असतात.”

हे खरं होतं. तो हळूच म्हणाला, “म्हणजे डोकेदुखीसाठी नव्हतंच ते?”

“डोकेदुखी जुनी आहे माझी. ओळखीची आहे. तिच्यासाठी मी तुम्हाला तळघरात पाठवलं असतं होय?”

“आणि हिरवा आणल्यावर ते तुझ्यावर येईल, हे माहीत होतं?”

“नव्हतं. पण आलं तर आलं. तुमच्यावरून गेलं होतं ना.”

यावर दोघांचं भांडण जुंपलं, बऱ्याच वर्षांनी, आणि तेही जोरदार. तो म्हणत होता टीव्हीच राहू दे, मला काय, मी रिकामटेकडा माणूस. ती म्हणत होती हिरवा लावा, माझं डोकं शांत राहतं आणि कामही होतं. शेवटी तिनेच ते तोडलं.

“दोन्ही नको,” ती म्हणाली.

“आणि तुझ्या नक्ष्या?”

ती उठली, कॉम्प्युटर बंद केला, बटणांमधली लोकर फुंकून काढली, आणि त्यावर तिने स्वतः विणलेलं झाकण घातलं, पाळण्यावर पांघरूण घालावं तसं.

“वहीच्या चौकटींत काढीन,” ती म्हणाली. “त्या हलत नाहीत.”

८

खोकेवाला दोन्ही पडदे न्यायला दुपारी येणार होता. चष्मेवाल्याने ते वायरीसकट बाहेरच्या खोलीत आणून ठेवले, दार उघडं टाकलं, आणि दोघं समोरासमोर दोन खुर्च्यांवर चहा घेऊन बसले.

घरात कुठलाही पडदा लागलेला नव्हता. सूर नव्हता. बाहेर ऊन होतं आणि ते खिडकीतून लादीवर पडलं होतं.

“बघा,” स्वेटरबाई म्हणाली.

त्याने दाराच्या चौकटीकडे नजर लावली आणि कडेनं तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. ती स्थिर होती. कानावरची पेन्सिलसुद्धा स्थिर होती.

“नाही,” तो म्हणाला. “अजिबात नाही. आता तू बघ.”

तिने खिडकीकडे तोंड केलं. तिचा हात पदराशी चाळा करत होता, तो थांबला.

“तुम्हीही नाही,” ती म्हणाली. “चांगले ठोकळ्यासारखे बसलाय.”

“तू काय कमी ठोकळा आहेस?”

दोघं हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. त्याने तिच्याकडे सरळ बघितलं, असंच, काही तपासायचं नसताना. तिच्या हनुवटीवर एक बारीक तीळ होता. तो कधीपासून होता कोण जाणे.

“चहा निवला तुमचा,” ती म्हणाली.

“आत्ताच तर ओतलास.”

“माझाही निवलाय.” तिने पेल्याला हात लावून बघितला. “दूध गार होतं वाटतं.”

लादीवरचं ऊन खुर्चीच्या पायापाशी होतं ते भिंतीवर चढलं होतं. भिंतीवरचं घड्याळ टिक म्हणे, मग बराच वेळ काही नाही, मग टिक. सेल संपत आला असेल, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. उद्या बदलू. आता घाई कसलीच नव्हती.

जिन्यात शीळ ऐकू आली. खोकेवाला वर येत होता, नेहमीसारखा बडबडत. “काय काका, परत करताय? मी म्हटलं होतं ना, घरी नेलं की बिघ...”

तो दारात वाकून बूट काढत होता. एक काढला, दुसरा काढला, आणि आत पाऊल टाकायला मान वर केली. तिथेच थांबला. त्याने डोळे चोळले. छतावरच्या बंद दिव्याकडे बघितलं. मग खुर्च्यांकडे. मग घाईने जमिनीकडे.

“ये ना,” चष्मेवाला म्हणाला. “उभा का?”

खोकेवाल्याने मान वर केली नाही. त्याचा आवाज एकदम वाण्याच्या दुकानातल्या नव्या नोकरासारखा अदबीचा झाला.

“पाहुणे बसलेत तुमच्या खुर्च्यांवर,” तो म्हणाला. “मी नंतर येतो.”

“कोण पाहुणे?”

पण तो जिन्यावरून उतरत होता, आधी हळू, मग धाडधाड. बूट दारातच राहिले.

चष्मेवाल्याने स्वेटरबाईकडे पाहिलं. स्वेटरबाईने त्याच्याकडे पाहिलं. दोघंही एकमेकांना अगदी स्थिर दिसत होते.